नाव मोठ्याने, मतही मोठ्याने : व्हर्जिनियातील १७५८ ची निवडणूक

कागदवेडा (धागालेखक)

२४ जुलै १७५८ रोजी ब्रिटिशांच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीतल्या फ्रेडरिक काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) मतदार विंचेस्टर गावात जमले आणि त्यांनी वसाहतीच्या कायदेमंडळावर, म्हणजे हाउस ऑफ बर्जेसेसवर, पाठवण्यासाठी दोन प्रतिनिधी निवडले. सर्वाधिक मते मिळालेले सव्वीस वर्षांचे कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन त्या दिवशी गावात नव्हतेच. फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेसाठी ते आपल्या पलटणीसह फोर्ट कंबरलंड येथे तळ ठोकून होते. वरिष्ठ अधिकारी कर्नल बूके यांनी निवडणुकीसाठी जाण्याची परवानगी दिली होती, मित्रही या म्हणून पत्रे लिहीत होते, परंतु त्यांनी तळ सोडला नाही.

या निवडणुकीविषयी कोठेही वाचले तरी पहिली गोष्ट सांगितली जाते ती मद्याची. वॉशिंग्टन यांच्या वतीने मतदारांना २८ गॅलन रम, ५० गॅलन रम पंच, ३४ गॅलन वाइन, ४६ गॅलन बिअर आणि २ गॅलन सायडर रॉयल (सफरचंदाचे कडक मद्य) पाजण्यात आले आणि त्याचा हिशेब ३९ पौंड ६ शिलिंग झाला. आकडे खरे आहेत. तो हिशेब वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांत आजही आहे. मात्र सगळे लक्ष या १६० गॅलनांवर खिळल्यामुळे त्याच कागदपत्रांतील दुसऱ्या एका कागदाकडे दुर्लक्ष होते, असे मला गेली काही वर्षे सतत वाटत आले आहे. तो कागद म्हणजे मतदारांची यादी. कोणी कोणाला मत दिले हे त्यात नावानिशी लिहिलेले आहे. हा धागा त्या यादीसाठी काढला आहे.

त्या काळी व्हर्जिनियात मतदान तोंडी होत असे. (आपल्याकडे 'आवाजी मतदान' म्हटले की सभागृहातील होकार-नकाराचा एकत्रित गलका डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द मी टाळतो आहे. येथे प्रत्येक जण एकेकटा बोलत असे.) कोर्टाच्या इमारतीत किंवा तिच्यासमोरच्या पटांगणात एक टेबल मांडलेले असे. टेबलाशी काउंटीचा मुख्य अधिकारी, म्हणजे शेरीफ, बसे, उमेदवार किंवा त्यांचे प्रतिनिधी बसत आणि प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा रकाना आखलेले कागद घेऊन कारकून बसत. मतदार पुढे येई, शेरीफ त्याला कोणाला मत देणार असे विचारी आणि तो चारचौघांत नाव उच्चारी. कारकून त्या रकान्यात त्याची नोंद करी. ज्याचे नाव घेतले गेले तो उमेदवार उठून मतदाराचे आभार मानी, जमलेल्यांतील त्याचे समर्थक जयघोष करीत, आणि कोण किती मतांनी पुढे आहे हे सर्वांना तेथल्या तेथे कळत राही. गर्दी ओसरली की शेरीफ दारात उभा राहून, जमीनमालकांनो, आत येऊन मते द्या, नाहीतर मतदान बंद होईल, अशी हाळी देत असे.

विंचेस्टरच्या त्या टेबलाशी वॉशिंग्टन यांच्या जागी कर्नल जेम्स वुड बसले होते. विंचेस्टर गाव वसवले ते यांनीच. पहिले मत थॉमस लॉर्ड फेअरफॅक्स यांनी दिले. त्यांनी दोन नावे घेतली : वॉशिंग्टन आणि थॉमस ब्रायन मार्टिन. मार्टिन त्यांचा सख्खा भाचा होता. आता लॉर्ड फेअरफॅक्स कोण, हे ध्यानात घेतले पाहिजे. पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या दोन नद्यांमधील लक्षावधी एकर जमीन त्यांच्या वंशपरंपरागत हक्काची होती आणि तिच्यावर शेती करणारे लोक त्यांना दर वर्षी धारा देत असत. तरुण वॉशिंग्टन यांना भूमापनाचे पहिले काम याच घराण्याकडून मिळाले होते. असा माणूस सर्वांत आधी टेबलाशी येतो, सर्वांदेखत दोन नावे घेतो आणि त्याच्यामागे त्याला धारा देणारे शेतकरी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात.

निकाल असा लागला : वॉशिंग्टन ३०९, मार्टिन २३९, ह्यू वेस्ट १९९, थॉमस स्वेअरिंजन ४५. (निरनिराळ्या ठिकाणी एखाद्या मताचा फरक आढळतो.) अडीच-तीन वर्षांपूर्वी, डिसेंबर १७५५ मध्ये, याच काउंटीत वेस्ट यांना २७१, स्वेअरिंजन यांना २७० आणि वॉशिंग्टन यांना अवघी ४० मते पडली होती.

निकालानंतर वॉशिंग्टन यांनी वुड यांना पत्र लिहिले. विरोधात मत देणाऱ्या कोणालाही वगळले नसेल, सर्वांची सारखी सरबराई झाली असेल आणि सर्वांना पुरेसे मिळाले असेल, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. आपल्याला भीती एवढीच वाटते की तुम्ही हात आखडता घेतला असेल, असेही ते म्हणतात. या वाक्याचा उल्लेख बहुधा त्यांच्या दिलदारपणाचा दाखला म्हणून केला जातो. माझ्या मते या वाक्याचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. विरोधात कोणी मत दिले हे ठाऊक असल्याशिवाय त्यांना वगळण्याचा अथवा न वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वॉशिंग्टन यांना आणि वुड यांना ते नावानिशी ठाऊक होते, आणि विरोधात मत देणाऱ्यांनाही आपले नाव लिहिले गेले आहे हे ठाऊक होते.

अशा परिस्थितीत १९९ माणसांनी वेस्ट यांचे नाव घेतले, याचा अर्थ कसा लावावा? तोंडी मतदान हे दडपणाचे साधन होते की उघडपणे बोलण्याची शिस्त होती? माझे मत असे की ते दडपणाचे साधन होते, आणि ज्यांनी त्याला न जुमानता मत दिले त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत तीही त्याच साधनामुळे. आपली मते वाचायला आवडतील.

बेरीजवजाबाकी

लेख काळजीपूर्वक वाचला. एक शंका आहे. चौघांच्या मतांची बेरीज ७९२ होते. एवढ्या माणसांनी एका दिवसात एका टेबलाशी येऊन तोंडी मत देणे मला अवघड वाटते.

कागदवेडा

प्रश्न रास्त आहे आणि खुलासा मुख्य लेखातच यायला हवा होता. प्रत्येक काउंटीतून दोन प्रतिनिधी निवडले जात असल्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मते असत. म्हणजे मतदार साधारण चारशेच्या आत-बाहेर होते. १७५५ च्या आकड्यांना हाच हिशेब लावला, तर तेव्हा तीनशेहून कमी लोक आले होते असे दिसते.

दोन मते असण्याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. ज्याला जमीनदारालाही दुखवायचे नव्हते आणि आपल्या पसंतीचा माणूसही सोडायचा नव्हता, त्याला एक मत इकडे आणि एक तिकडे देता येत असे. एकूण मतदारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी वॉशिंग्टन यांचे नाव घेतले, पण लॉर्ड फेअरफॅक्स यांच्या भाच्याचे नाव सुमारे साठ टक्के लोकांनीच घेतले. हा फरक मला बोलका वाटतो.

खडूफळा

मी निवृत्त शिक्षक असून लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद अशा अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून काम केले आहे. हा लेख वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपले मतदान केंद्र उभे राहिले.

आपल्याकडेही मतदार आत आला की पहिला मतदान अधिकारी त्याचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. ते मोठ्यानेच वाचावे लागते, कारण समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू गेले पाहिजे. ते आपल्या जवळच्या यादीत त्या नावावर खूण करतात आणि माणूस तोतया वाटला तर आक्षेप घेतात. येथवर विंचेस्टरचे टेबल आणि आमचे टेबल यांत काहीच अंतर नाही. त्यानंतर बोटाला शाई लागते, सही होते आणि मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो. तो आडोसा म्हणजे कक्षाच्या कोपऱ्यात ठेवलेली हातभर उंचीची तीन पाने. एका केंद्रावर तो आडोसा खिडकीसमोर आला होता म्हणून एका वयस्कर बाईंनी मत देण्यास ठाम नकार दिला, आणि आम्ही टेबल फिरवून घेतल्यावरच त्या आत गेल्या. त्या बाईंना कायद्याचे कलम कोणी शिकवले नव्हते. तो आडोसा आपल्यासाठी आहे, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

आक्षेप घेण्याची सोय व्हर्जिनियात होती का, हे जाणून घ्यायला आवडेल.

कागदवेडा

सर, आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. होय, सोय होती. १७३६ च्या कायद्याप्रमाणे मत देण्यासाठी १०० एकर न कसलेली जमीन, किंवा घर बांधून लागवडीखाली आणलेली २५ एकर जमीन, किंवा गावात घर असलेला भूखंड मतदाराच्या मालकीचा असावा लागे. घराचे मापही कायद्यात दिलेले होते : निदान बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद. जमीन निवडणुकीच्या आधी वर्षभर ताब्यात असावी लागे, कारण ऐन वेळी मित्रांच्या नावे तुकडे करून मते वाढवण्याचे प्रकार झाले होते. एखाद्याविषयी शंका घेतली गेली तर शेरीफ त्याला, मी जमीनमालक आहे, अशी शपथ घ्यायला लावी. उमेदवार टेबलाशी बसत ते केवळ आभार मानण्यासाठी नव्हे. कोणाच्या हक्कावर आक्षेप घ्यायचा हेही ते तेथे बसूनच पाहत असत.

आणखी एक गोष्ट आपल्याला रोचक वाटेल. मतदानाचा हक्क असूनही जो आला नाही, त्याला २०० पौंड वजनाच्या तंबाखूचा दंड होता. तंबाखू हेच तेथले चलन होते.

निर्भीड

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. ज्या १९९ माणसांच्या निर्भयपणाचे आपण कौतुक करीत आहोत, ते सर्व जमीनमालक गोरे पुरुष होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्हर्जिनियात दर पाच माणसांमागे सुमारे दोन माणसे गुलाम होती. त्यांचा आवाज त्या टेबलापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. स्त्रियांना १६९९ च्या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. मग हे टेबल दडपणाचे होते की मोकळेपणाचे, हा प्रश्न आधीच मूठभर असलेल्यांच्या आपसातील प्रश्न ठरतो.

एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीयांना, मिश्रवंशीयांना आणि मूळ अमेरिकन लोकांना १७२३ च्या कायद्याने मताधिकारातून बाहेर काढण्यात आले. म्हणजे त्याआधी ज्याच्यापाशी जमीन होती, अशा स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषाला कायदा अडवत नव्हता. लंडनमधील सरकारी वकिलाने त्या कायद्याविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यावर १७३६ मध्ये गव्हर्नर विल्यम गूच यांनी खुलासा पाठवला. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना या मोठ्या अधिकारापासून दूर ठेवून त्यांच्यावर कायमचा डाग उमटवणे हाच हेतू आहे, अशा आशयाचे शब्द त्यांनी वापरले. सत्ताधाऱ्याने स्वतःच्या हाताने असे लिहून ठेवल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. जनावराला डाग देतात त्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तोच त्यांनी योजला आहे.

कागदवेडा

निर्भीड, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि गूच यांच्या पत्राचा उल्लेख केल्याबद्दल मी ऋणी आहे. मुख्य लेखात हा भाग नसणे ही उणीवच आहे. केवळ एवढेच जोडतो की बाहेर ठेवलेल्यांविषयीचा पुरावा आपल्याला कायद्यांत आणि पत्रांत शोधावा लागतो, कारण मतदारयादीत तो असूच शकत नाही. लॉर्ड फेअरफॅक्स यांचे नाव आणि पंचवीस एकरांच्या धन्याचे नाव एकाच कागदावर एकाच आकाराच्या अक्षरांत आहे. मात्र त्या दिवशी गावात असलेल्या इतर शेकडो माणसांविषयी तो कागद गप्प आहे.

पोटोमॅककाठी

मी गेली अठरा वर्षे उत्तर व्हर्जिनियात राहतो. आमच्या घरापासून विंचेस्टर गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे आणि ऑक्टोबरात सफरचंदांच्या बागा पाहायला आम्ही तिकडे जात असतो. तेथे ब्रॅडक स्ट्रीट आणि कॉर्क स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ओंडक्यांची एक बुटकी इमारत आहे. विंचेस्टरचा किल्ला, फोर्ट लाउडन, बांधला जात असताना, १७५५ ते १७५६ या काळात, वॉशिंग्टन यांनी तिचा कचेरीसाठी वापर केला. आत उभे राहिल्यावर छत अगदी डोक्याला टेकते आहे असे वाटते. त्या खोलीतून बाहेर पडताना एवढे समजते की १७५५ च्या पराभवाच्या वेळी ते त्या भागातील लोकांना अपरिचित नव्हते, पण परिचय पुरेसा नव्हता. सैन्यभरती, रसद, घोडे आणि गाड्या यांसाठी शेतकऱ्यांच्या दारात जाणारा अधिकारी लोकांना प्रिय होणे कठीणच.

एक भौगोलिक मुद्दा लेखात यायला हवा. त्या वेळची फ्रेडरिक काउंटी आजच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. आजच्या क्लार्क, वॉरन आणि शेनन्डोआ या काउंट्यांचा प्रदेश आणि आता वेस्ट व्हर्जिनियात गेलेल्या बर्कली व जेफरसन या काउंट्या तिच्यातच मोडत. एवढ्या सगळ्या मुलखाला मतदानाचे ठिकाण एकच. ज्याला मत द्यायचे होते तो घोड्यावरून किंवा पायी, नदी ओलांडून, एक दिवस आधी निघून येत असणार. पोहोचल्यावर त्याला खायला आणि प्यायला लागणारच. मद्याच्या हिशेबाकडे मी या दृष्टीने पाहतो. जुलैचा शेवटचा आठवडा येथे किती दमट आणि तापलेला असतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

बेरीजवजाबाकी

१६० गॅलन म्हणजे साधारण ६०० लिटर. चारशे माणसांत प्रत्येकी दीड लिटर. त्यांत बिअर आणि पंच धरूनही हे प्रमाण तहान भागवण्यापलीकडचे आहे, असे नम्रपणे नमूद करतो.

कागदवेडा

दोघांचेही म्हणणे मला पटते आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १७०५ पासून कायदाच असा होता की निवडणुकीचा हुकूम निघाल्यानंतर उमेदवाराने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मतदारांना पैसा, अन्न किंवा पेय देऊन मत मिळवू नये. त्यामुळे हे सर्व रीतसर होते असे म्हणता येणार नाही. परंतु समाजाच्या नजरेत मोठ्या घरच्या माणसाने आलेल्यांची सरबराई न करणे हा कद्रूपणा होता. कायदा एक सांगत होता आणि रीत दुसरेच सांगत होती, आणि विरोधकांनाही तितकेच द्या, असे म्हणणारा माणूस ते दान मताच्या बदल्यात नव्हते असा बचाव करू शकत होता.

या रीतीचा फटका बसलेला प्रसिद्ध माणूस म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन. १७७६ मध्ये व्हर्जिनियाचे संविधान तयार करणाऱ्या सभेत ते होते. दुसऱ्याच वर्षी, १७७७ मध्ये, ऑरेंज काउंटीतून नव्या कायदेमंडळासाठी उभे राहताना त्यांनी मद्य पाजण्याची रीत प्रजासत्ताकाच्या तत्त्वांना न शोभणारी म्हणून नाकारली आणि चार्ल्स पोर्टर यांच्याकडून ते हरले. लोकांनी त्यांचे तत्त्व पाहिले नाही. हा माणूस गर्विष्ठ आहे किंवा हात आखडणारा आहे, एवढेच त्यांना दिसले. पुढे १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, निवडणुकीत त्यांनी जेम्स मन्रो यांना १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी हरवले. तेव्हा मात्र ते भर थंडीत मतदारसंघभर फिरले आणि मन्रो यांच्यासह एकाच ठिकाणी उभे राहून लोकांपुढे वादविवाद केला.

मक्याचेकणीस

सर्व वसाहतींमध्ये असेच तोंडी मतदान होते का? मॅसॅच्युसेट्समध्ये फार आधीपासून कागदावर नाव लिहून मत देत, असे वाचल्याचे आठवते.

कागदवेडा

आपल्याला बरोबर आठवते. १६३४ मध्ये तेथे गव्हर्नरची निवड कागदावर नावे लिहून झाली होती. त्याहून मला आवडणारी तरतूद १६४३ ची आहे. वरच्या गृहात बसणाऱ्या, सहायक म्हणवल्या जाणाऱ्या, प्रतिनिधींच्या निवडणुकीत प्रत्येक नावासाठी मक्याचे दाणे आणि घेवड्याचे दाणे वापरावेत असे ठरले : मक्याचा दाणा टाकला की होकार, घेवड्याचा टाकला की नकार. एकापेक्षा जास्त दाणे टाकणाऱ्याला दहा पौंड दंड. मुठीत काय आहे हे शेजाऱ्याला दिसत नसे आणि मोजणाऱ्यांपुढे शेवटी नावे न सांगणारी दाण्यांची रास तेवढी उरे.

पेनसिल्व्हेनियात चिठ्ठ्या देत असत. फिलाडेल्फियात १७६४ मध्ये मतदान रात्रभर चालले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबले. बेंजामिन फ्रँकलिन त्यात आपली जागा गमावून बसले. जर्मन वसाहतकऱ्यांविषयी पूर्वी लिहिलेले हेटाळणीचे शब्द विरोधकांनी त्या वेळी त्यांच्याविरुद्ध उकरून काढले होते. चिठ्ठीमुळे कोणत्या जर्मन शेतकऱ्याने त्यांना नाकारले हे समजण्याचा मार्ग नाही. विंचेस्टरच्या यादीत मात्र अशी नावे शोधता येतात.

अनुराधा_न्यूजर्सी

निर्भीड यांनी स्त्रियांचा उल्लेख केला म्हणून लिहीत आहे. ज्या राज्यात आज हजारो मराठी कुटुंबे राहतात, त्या न्यू जर्सीच्या १७७६ च्या संविधानात मतदार म्हणून 'पुरुष' हा शब्दच नव्हता. पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले सर्व रहिवासी, अशी रचना होती. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर 'तो किंवा ती' असे सर्वनाम घातलेले आहे आणि १७९७ च्या कायद्याने हीच भाषा साऱ्या राज्याला लागू झाली. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने पतीची होत असल्यामुळे हा हक्क प्रत्यक्षात अविवाहित स्त्रियांना आणि विधवांना मिळाला. मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीयही मत देत.

हे फार काळ नुसते ऐकीव मानले जाई. अलीकडे जुन्या मतदारयाद्या तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत स्त्रियांची नावे निघाली. सॉमरसेट काउंटीतील माँटगोमेरी टाउनशिपच्या १८०१ च्या एका यादीत ३४३ मतदार आहेत आणि त्यांपैकी निदान ४६ स्त्रिया आहेत. मी त्या यादीचे छायाचित्र संगणकावर मोठे करून कितीतरी वेळ पाहत बसले होते. पुरुषांच्या नावांच्या मध्येच, वेगळा रकाना न करता, ज्या क्रमाने त्या आल्या त्याच क्रमाने लिहिलेली नावे आहेत. कारकुनाने कोठेही थबकून शेरा मारलेला नाही. त्याच्या दृष्टीने तो नेहमीचाच मतदानाचा दिवस होता. १८०७ मध्ये नवा कायदा करून मताधिकार करदात्या गोऱ्या पुरुषांपुरता ठेवण्यात आला, आणि त्याच फटक्यात कृष्णवर्णीयांचाही हक्क गेला.

धागालेखकांचे म्हणणे मला येथे फार पटते. त्या ४६ जणींनी कोणाला मत दिले हे ती यादी सांगत नाही, कारण तेथे मत चिठ्ठीने दिले जात होते. त्या आल्या होत्या, एवढे मात्र ती ठामपणे सांगते.

निर्भीड

अनुराधाताई, आपला प्रतिसाद वाचून मी माझे आधीचे विधान थोडे बदलतो. टेबलाशी कोण येऊ शकते हे ठरलेले नव्हते, ते वेळोवेळी कायदा करून ठरवले गेले. १७२३ मध्ये व्हर्जिनियात आणि १८०७ मध्ये न्यू जर्सीत दारे बंद करणारे लोक, ती आधी उघडी होती हे जाणूनच बंद करीत होते.

पोटोमॅककाठी

तोंडी मतदानाचा आणखी एक प्रसंग येथे सांगितला जातो, तो नोंदवतो. १७९९ मध्ये रिचमंड येथे काँग्रेसच्या जागेसाठी जॉन मार्शल आणि जॉन क्लॉप्टन यांच्यात चुरस होती. हेच मार्शल पुढे सरन्यायाधीश झाले. गावात ब्लेअर आणि ब्युकॅनन हे दोन धर्मोपदेशक होते, एकमेकांचे जिवलग मित्र. त्या दोघांचीही मतदान करण्याची इच्छा नव्हती, पण दोन्ही बाजूंची मते अगदी बरोबरीत आल्यामुळे कार्यकर्त्यांनी त्यांना घरून आणले. ब्लेअर यांनी मार्शल यांचे नाव घेतले आणि जयघोष झाला. मार्शलच्या पक्षाला दुसरेही मत आपलेच वाटत असताना ब्युकॅनन यांनी क्लॉप्टन यांचे नाव घेतले. परतताना ते मित्राला म्हणाले, आपल्याला ओढून आणले गेले, आता आपण दोघांनी एकमेकांची मते फेडून टाकली आणि कोणालाच आपल्याविषयी तक्रार करता येणार नाही. गोष्ट पुढच्या पिढीने लिहून ठेवलेली आहे, त्यामुळे शब्दशः खरी असेल असे मी म्हणत नाही. मार्शल शेवटी १०८ मतांनी निवडून आले. रोज ज्यांच्या घरी जायचे, ज्यांची लग्ने लावायची आणि अंत्यविधी करायचे, त्यांच्यासमोर एका बाजूचे नाव उच्चारणे माणसाला किती जड जात असेल, ते या गोष्टीतून मला उमगले.

खडूफळा

ही पद्धत व्हर्जिनियात कधीपर्यंत चालली?

कागदवेडा

सर, शंभराहून अधिक वर्षे. १७७६ चे संविधान आले, जमिनीची अट १८५० च्या दशकात गेली, पण तोंडी मतदान अमेरिकेतील यादवी युद्ध संपेपर्यंत टिकले. शेजारच्या केंटकीत तर ते १८९१ पर्यंत होते.

व्हर्जिनियात ते १८६७ मध्ये थांबले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नवे संविधान लिहिणाऱ्या सभेसाठी निवडणूक झाली. युद्धानंतर राज्य लष्करी अंमलाखाली होते, आणि तेथील कृष्णवर्णीय पुरुषांनी प्रथमच मोठ्या संख्येने मतदान केले, तेही मतपत्रिकेवर. त्यांच्यातील बहुतेक जण दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते आणि पुष्कळांचे धनी अजून त्याच गावात, त्याच जमिनीवर होते. अशा माणसाला कोर्टाच्या पटांगणात आपल्या जुन्या धन्यासमोर उभे करून मोठ्याने नाव घ्यायला लावले असते तर काय झाले असते, याची कल्पना या धाग्यावर आपण सर्वांनी मिळून जे लिहिले त्यावरून करता येते. सभेवर १०५ प्रतिनिधी निवडून गेले आणि त्यांपैकी २४ कृष्णवर्णीय होते.